ओट्यावरचं ऊन



माझ्या फोटोंबद्दल बोल म्हणालात, तेव्हा अनेकांना लडाखचे फोटो दिसतील असं वाटलं असेल. ते आणलेले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. हार घालायला फोटो शोधू लागले. हार्ड डिस्कवर हजारो फोटो, नुसत्या पँगाँगच्या निळ्या पाण्याचेच चाळीस. आईचे होते ते सगळे सहलीतले, कुठल्यातरी देवळापुढे अवघडून उभी. चष्मा कपाळावर सरकवून ओट्याशी तांदूळ निवडणारी आई एकाही फोटोत नव्हती. ते फोटो काढण्यासारखं आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं. शेवटी बँकेसाठी काढलेला पासपोर्ट फोटो मोठा करून घेतला.

त्यानंतर मी मोबाइलवर स्वयंपाकघराचेच फोटो काढू लागले. पहिले पंधरा दिवस काही दिसेना. तेच डबे, तोच कुकर. मग जागा तीच ठेवून वेळ बदलत गेले. आमची खिडकी दक्षिणेची. डिसेंबरात ऊन थेट पोळपाटापर्यंत येतं, मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा आत तिरीपसुद्धा नाही. बाई, दक्षिणायन तुम्ही सातवीत शिकवलंत. मार्क तेव्हाच मिळाले, समजलं मात्र चाळिशीनंतर.

युक्ती म्हणाल तर एकच. ट्यूबलाइट बंद करायची आणि मोबाइलच्या पडद्यावर उजेडाच्या जागी बोट टेकवायचं. सावल्या गडद होतात आणि चहाची वाफ दिसू लागते.

प्रागमध्ये योसेफ सुदेक नावाचे फोटोग्राफर होते. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला. १९४० ते १९५४ ते आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिले. खिडकी एकच, कधी काचेवर दव, कधी बाहेर बर्फ. आणि मी पंधरा दिवसांत कंटाळले होते!

आता सकाळचा चहा बाबा करतात. आधी मोबाइल दिसला की शर्टाची बटणं लावायचे, आता लक्षही देत नाहीत. ते फोटो मला हवे आहेत.

ग्रुप फोटो पाचला आहे. आपल्या दहावी 'ब'च्या वर्गाला पश्चिमेच्या खिडक्या आहेत. मी साडेचारला तिथे जाणार आहे. बाकं बदललीत, ऊन तेच असेल. यायचं असेल त्यांनी मोबाइल चार्ज करून ठेवा.