बालविकासाची नोंद पालकांच्या हाती



मूल पहिलीत बसले म्हणजे त्याच्या शिक्षणास आरंभ झाला, अशी समजूत पुष्कळांची असते. वस्तुतः तो आरंभ पाळण्यातच झालेला असतो. हे जाणूनच ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर शाळा मुलांच्या अंगणात नेली. 1975 साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. 2021 पासून अंगणवाडीच्या नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ ह्या मोबाईल-अ‍ॅपवर होऊ लागल्या. ही नोंद सेविका ठेवते. मातापित्यांना स्वतः ठेवता येईल असे अ‍ॅप करावयाचे, तर ते कसे असावे?

पेण व रोहा तालुक्यांतील कातकरी वाड्यांचा विचार प्रथम करावा. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या काळात तान्हे मूल हाकेला वळत नाही, हे कोणाच्या ध्यानी न आल्यास बहिरेपणावरील उपचारांचे मोलाचे महिने वाया जातात. म्हणून नोंद मुलाबरोबर गेली पाहिजे.

अशा अ‍ॅपमध्ये अक्षरांपेक्षा चित्र व घरच्या बोलीतील आवाज असावा. प्रश्न थोडे असावेत; कारण घरातील एकुलता मोबाईल दिवसभर बापाबरोबर कामावर असतो. रेंज नसतानाही नोंद टिकावी.

दुसरे असे की, विकासाला एकच तारीख नसते. भारतासह पाच देशांतील मुलांच्या निरीक्षणावरून जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली दाखविले की, निरोगी मुले साधारणतः 8 ते 18 महिन्यांच्या दरम्यान केव्हाही एकटी चालू लागतात. तेव्हा उत्तर ‘नापास’ असे नसून ‘अद्याप नाही’ असे असावे, आणि त्यापुढे लगेच घरच्या वाटी-चमच्याने खेळावयाचा एखादा खेळ सांगावा. मुदत उलटल्यास मात्र सेविकेस वा आरोग्य केंद्रास दाखविण्याची सूचना स्पष्ट असावी. ह्या नोंदीवरून सुनेस बोल लावला जाणार नाही, हेही पाहावे.

अ‍ॅप तयार होण्यापूर्वी त्यातील चित्रे कागदावर काढून वाडीतील मातांपुढे ठेवावीत. माता जेथे अडखळेल तेथे मातेस दोष न देता चित्र बदलावे. शिक्षकांनी व सेविकांनी हे साह्य केल्यास पहिलीत येणाऱ्या मुलाची ओळख शाळेस आधीच झालेली असेल.