शेंगदाण्याची पुडी



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. एस.टी. स्टँडबाहेरच्या गाडीवरून खारे शेंगदाणे घेतले. दाणे संपले आणि सवयीप्रमाणे मी पुडीचा कागद उलगडून वाचायला लागलो. तो रक्ततपासणीचा रिपोर्ट निघाला. नावाची वरची पट्टी कुणीतरी फाडून टाकली होती. तेवढी काळजी घेतलेली होती. पण खाली वय होतं, 'स्त्री' असं लिहिलेलं होतं, तारीख होती आणि तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरांचं नाव होतं. गाव आमचं लहान. त्या वयाची, त्या आठवड्यात त्या डॉक्टरांकडे गेलेली बाई मला एकच माहीत होती, आमच्या शेजारच्या काकू. जे त्यांनी घरातही कुणाला सांगितलं नसेल, ते दहा रुपयांच्या दाण्यांबरोबर माझ्या हातात आलं.

नाव खोडलं की माणूस झाकला जातो, असं आपण धरून चालतो. ही समजूत किती कच्ची आहे ते लाटान्या स्वीनी या संशोधक बाईंनी 1997 साली अमेरिकेत दाखवून दिलं. त्या वेळी त्या एमआयटीत शिकत होत्या. मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी नोकरांच्या आरोग्यविम्याचं काम एका आयोगाकडे होतं. आयोगाने दवाखान्यांच्या नोंदी संशोधकांना दिल्या होत्या. नावं गाळलेली, घरचे पत्ते गाळलेले. जन्मतारीख, स्त्री की पुरुष आणि टपालाचा झिप कोड मात्र ठेवलेला. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्याही नोंदी त्यात होत्या. मे 1996 मध्ये एका पदवीदान समारंभात ते भोवळ येऊन पडले होते आणि ती बातमी सगळीकडे छापून आली होती. वेल्ड केंब्रिज शहरात राहत. स्वीनींनी 20 डॉलर मोजून त्या शहराची मतदारयादी विकत घेतली. तिच्यात नावं होती, जन्मतारखा होत्या, झिप कोडही होते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. वेल्ड यांच्या जन्मतारखेची माणसं शहरात सहा निघाली. त्यांतले पुरुष तीन. त्यांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांचा आजार, औषधं, सगळं उघड्यावर आलं. यात कुणी कुलूप तोडलं नव्हतं, कुणाचा पासवर्ड चोरला नव्हता.

पुढे स्वीनींनी 1990च्या जनगणनेवरून हिशेब मांडला: जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले 87 टक्के लोक एकेकटे ओळखता येतील. 2006 साली फिलिप गोल यांनी नंतरच्या जनगणनेवर तोच हिशेब पुन्हा केला, तेव्हा आकडा 63 टक्क्यांवर आला. कमी झाला खरा, पण दहांतली सहा माणसं काही थोडी नव्हेत.

आपल्याकडे काय होईल? आपला पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. त्याची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी. देशात सुमारे 19 हजार पिनकोड आहेत. 140 कोटी माणसं त्यांत वाटली तर एका पिनकोडला सत्तर-पंचाहत्तर हजार येतात. आता 80 वर्षांतल्या जन्मतारखा मोजा, त्यांची दुप्पट करा, म्हणजे स्त्री-पुरुष वेगळे झाले. कप्पे झाले अठ्ठावन्न हजार. म्हणजे सरासरीने एका कप्प्यात एक-सव्वा माणूस. हिशेब ढोबळ आहे. मुंबईतल्या एखाद्या पिनकोडमध्ये माणसं कितीतरी जास्त असतील आणि डोंगरातल्या गावात कमी. पण दवाखान्याचं नाव किंवा भरतीची तारीख एवढी एक गोष्ट हाती लागली, की शहरातही कप्पा उघडलाच म्हणून समजा.

यातून आपल्या एका पिढीला अभावितपणे आडोसा मिळाला, तो 1 जूनचा. शाळेत नाव घालताना आईबापांना जन्मतारीख सांगता आली नाही की गुरुजी 1 जून लिहीत. माझ्या वडिलांची तीच, त्यांच्या दोन भावांची तीच, गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तीच. त्या तारखेवरून कुणाला एकटं शोधून काढता येत नाही. गर्दीत उभं राहिल्याने मिळणारी ही सुरक्षितता स्वीनी आणि इटलीच्या पिएरांजेला समाराती यांनी 1998 साली गणितात बसवली. नियम असा की, यादीतली प्रत्येक नोंद निदान ठरावीक संख्येच्या इतर नोंदींसारखीच दिसली पाहिजे. त्यासाठी पूर्ण तारखेऐवजी नुसतं साल ठेवायचं, पिनकोडचे शेवटचे आकडे झाकायचे.

पण गर्दीही दगा देते. एका कप्प्यातल्या दहाही माणसांना एकच आजार असेल, तर त्यांतला आपल्याला हवा तो माणूस नेमका कोणता हे शोधायची गरजच उरत नाही. अश्विन मचनवज्झला आणि त्यांच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी 2006 साली हे दाखवून दिलं.

मग करायचं काय? मला सगळ्यांत आवडलेली युक्ती नाण्याची आहे. तिचा पाया स्टॅन्ली वॉर्नर यांनी 1965 साली घातला. समजा, शंभर मुलांना विचारायचंय, परीक्षेत कॉपी केलीत का? खरं कोण सांगणार? प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर खरं उत्तर द्यायचं. काटा आला तर पुन्हा उडवायचं आणि या वेळी छाप्याला 'हो', काट्याला 'नाही' म्हणायचं. समजा, 40 मुलांनी 'हो' म्हटलं. त्यांतली पंचवीसएक नुसत्या नाण्याची. उरली 15, ती खरं बोलणाऱ्या पन्नासांपैकी. म्हणजे वर्गात कॉपी करणारे साधारण 30 टक्के. वर्गाचं खरं कळलं, आणि 'हो' म्हणणाऱ्या कुठल्याही पोराकडे बोट दाखवता येत नाही. सिंथिया ड्वोर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली 'डिफरन्शियल प्रायव्हसी' या नावाने जी कसोटी मांडली, तिच्यात हाच धागा आहे: उत्तरात मोजूनमापून गोंधळ मिसळायचा. अमेरिकेच्या 2020च्या जनगणनेचे आकडे असेच झाकून प्रसिद्ध झाले.

गोंधळ जास्त मिसळला तर आकडे निकामी होतात, कमी मिसळला तर माणूस उघडा पडतो. वैद्यकीय संशोधनाला आपल्या नोंदी लागतात आणि त्या मिळायलाही हव्यात, असं मला मनापासून वाटतं. पण ज्याच्या हाती त्या जातात त्याला हे गणित आलं पाहिजे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितलं. तरीही 'आम्ही नाव काढून टाकलंय' एवढ्यावर आपली बोळवण होते आणि आपणही मान डोलावतो. नाव काढलंत, मग काय काय ठेवलंत? हे दवाखान्याला, कॉलेजला, फोनमधल्या ॲपवाल्याला विचारायला हवं. मी आता विचारतो. काउंटरवरची मुलगी गोंधळते, साहेबांना विचारून येते. येऊ दे.

तो पुडीचा कागद मी त्याच रात्री बंबात घातला. काकू अजूनही सकाळी तुळशीला पाणी घालताना मला हाक मारतात, तब्येत विचारतात. मीही त्यांची विचारतो. 'छान आहे रे' म्हणतात आणि आत जातात.