कच्चं घर, पक्कं घर



घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, ही म्हण ज्यानं केली त्यानं दोन्ही केलं असणार आणि दोन्हीपायी त्याला कर्ज झालं असणार. आज मी लग्नाबद्दल बोलणार नाही. घराबद्दल बोलणार आहे, आणि तेही आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या घराबद्दल.

पूर्वी आपल्याकडे कुणी घर बांधायला काढलं की लोक विचारायचे, 'किती खणांचं?' दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. हल्ली विचारतात, 'एलिव्हेशन कसं घेतलं?' म्हणजे घर रस्त्यावरून कसं दिसणार. पहिला प्रश्न आत राहणाऱ्याचा होता, दुसरा बाहेरून जाणाऱ्याचा आहे.

माझ्या पुतण्यानं जळगावात प्लॉट घेतला आणि मला मोबाइलवर घराचं चित्र दाखवलं. लाल कौलांचं उतरतं छप्पर, पुढे रुंद व्हरांडा, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, मागे नारळाची दोन झाडं. 'चाचा, कसं आहे?' मी म्हटलं, 'फार छान आहे. समुद्र कुठे आहे?'

ते घर वाईट नव्हतं. रत्नागिरीत, गोव्यात, केरळात ते अगदी शोभून दिसेल, आणि नुसतं शोभणार नाही, उपयोगी पडेल. तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. छपराला उतार नसेल तर पाणी घरातच मुक्काम करणार. हवा दमट, घाम वाळत नाही, म्हणून वारा खेळता पाहिजे. त्यासाठी पडवी, त्यासाठी समोरासमोर खिडक्या. आपल्या जळगावला पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, धुळ्याला त्याहून कमी. आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा दुपारी जे वाहतं त्याला आपण वारा म्हणत नाही, झळा म्हणतो. कोकणातल्या माणसानं दुपारी खिडकी उघडायची, खान्देशातल्या माणसानं लावून घ्यायची. मग दोघांचं घर एकसारखं कसं चालेल?

आपल्या उन्हावर आपल्या लोकांनी काढलेलं उत्तर म्हणजे धाब्याचं घर. मराठवाड्यात, सोलापूरकडे त्यालाच माळवद म्हणतात. शहरात वाढलेल्या मुलांना धाबा म्हटलं की हायवेवरची दालफ्राय आठवते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. भिंती मातीच्या, दीड-दोन हात रुंद. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या. कड्यांवर फळकुटं किंवा बांबू, त्यावर तुराट्या आणि कडुनिंबाचा पाला. पाला अशासाठी की किडा-उधई जरा लांब राहावी. आणि सगळ्यांत वर मातीचा जाड थर. ही माती शेतातली चालत नाही. काळी माती वाळली की भेगाळते. धाब्याला लागते ती गढीखालची, पांढरीतली खारी माती. तिची गंमत अशी, की ती ओली झाली की तिचे बारीक कण सुटतात आणि स्वतःचीच छिद्रं बुजवतात. पाणी आत मुरत नाही, उतारानं पन्हाळीकडे निघून जातं. हे रसायनशास्त्र आपल्या गवंड्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. ते माती जिभेला लावून सांगायचे, ही चालेल, ही नाही.

पांढर म्हणजे तरी काय? जुन्या वस्तीची जागा. घरं पडली, त्यावर पुन्हा घरं उठली, चुलीची राख मिसळली, असं पिढ्यान्‌पिढ्या होत राहिलं. तापीकाठी प्रकाशे इथं १९५४-५५ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा अशाच टेकाडाखाली तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे थर निघाले. आपण बैलगाडीतून जी माती आणून डोक्यावर घेत होतो, ती कुणाच्या तरी पडलेल्या घराचीच होती म्हणायची.

आता उन्हाचा हिशेब पाहा. एवढ्या जाड मातीतून ऊन आत उतरायला आठ-दहा तास घेतं. दुपारी दोनची आग आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र झालेली असते. आणि रात्री माणसं आत नसतातच, ती धाब्यावर झोपलेली असतात! दिवसाचं घर खाली, रात्रीचं घर वर. सिमेंटच्या चार-पाच इंची स्लॅबला एवढा धीर नसतो. तो दुपारचं ऊन संध्याकाळीच आत सोडतो आणि वरचा पंखा तीच गरम हवा आपल्या अंगावर ढकलत बसतो.

धाबं म्हणजे नुसतं छप्पर नव्हतं. दिवसा तिथं बिबडे, कुरडया, मिरच्या वाळायच्या. एका धाब्यावरून दुसऱ्यावर पाय टाकत गल्लीच्या टोकापर्यंत जाता यायचं, खाली उतरायचं काम नाही. रमजानच्या शेवटी चंद्र पाहायला आम्ही सगळे वर चढायचो. पण चंद्र आधी दिसायचा तो शेजारच्या पाटलांच्या पोरांना, कारण त्यांचं धाबं आमच्यापेक्षा उंच. ते तिकडून ओरडायचे आणि आमच्याकडे ईद व्हायची.

पुतण्याचं सांगायचं राहिलं. त्याला मी मातीचं घर बांध म्हटलं नाही. लाकूड आणणार कुठून? सातपुड्यातलं सागवान आता परवडत नाही, आणि हे काम जाणणारे हात गावोगाव एक-दोनच उरलेत. पण लॉरी बेकर नावाचे एक जन्मानं इंग्रज वास्तुशिल्पी होते (१९१७-२००७). त्यांचं आयुष्य केरळात स्वस्त, साधी घरं बांधण्यात गेलं. ते स्लॅबच्या खालच्या अंगाला काँक्रीटच्या जागी जुनी कौलं घालायचे, विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवायचे. सिमेंट वाचतं, विटा वाचतात, उष्णताही थोडी अडते. म्हणजे केरळातून नारळ आणि काच आणण्यापेक्षा ही युक्ती आणावी. आमच्या गवंड्यानं पोकळ भिंतीला साफ नकार दिला, 'पडली तर नाव माझं जाईल' म्हणाला. स्लॅबमध्ये कौलं मात्र घातली. पश्चिमेला जिना आणि न्हाणीघर गेलं, काच उत्तरेला आली, गच्चीवर पांढरा चुना बसला. लाल कौलं पुतण्यानं सोडली नाहीत. ती पोर्चवर बसवली आहेत. त्यांच्या सावलीत स्कूटर सुखात असते.

असं सगळं मी घरी रंगात येऊन बोलू लागलो की बायको म्हणते, 'गारव्याचं सांगताय तर पोताऱ्याचंही सांगा.' तिचं बरोबर आहे. मृगाच्या आधी धाब्यावर नवी माती घालणं पुरुषांचं काम, ते वर्षातून एकदा. पण भिंतींना पोतारा देणं, जमीन शेणानं सारवणं, उंदरांची बिळं बुजवणं, पावसाच्या रात्री गळायला लागलं की घरातली पातेली जागोजागी मांडणं, हे बायकांचं, आणि ते बारमाही. सासरी आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात तिच्या पायाशी तुळईवरून विंचू पडला होता. तिला फरशी आणि स्लॅब हवा होता, यात मला काही वावगं दिसत नाही.

मोठमोठ्यांना हे उमजायला वेळ लागला. इजिप्तमध्ये हसन फाथी नावाचे थोर वास्तुशिल्पी होऊन गेले. १९४०च्या दशकात त्यांनी लक्झॉरजवळ गुर्ना गावच्या लोकांसाठी मातीच्या विटांचं नवं गाव उभारलं. कमानी, घुमट, थंडगार खोल्या, जगभर वाखाणणी झाली. पण बहुतेक गावकरी तिथं राहायला गेलेच नाहीत. कारणं बरीच होती. जुनं गाव आणि त्यावरचं पोट सुटत नव्हतं हे मोठं कारण. पण घुमट हा थडग्यावर असतो, घरावर नाही, असंही त्यांचं म्हणणं सांगतात. शिरपूर तालुक्यात थाळनेरला फारुकी सुलतानांच्या थडग्यांवर सुंदर घुमट आहेत. तिथं उन्हाळ्यातही गार वाटतं. म्हणून मला कुणी म्हटलं, चला, तुम्हाला असंच घर देतो, तर मीही दोनदा विचार करीन.

आणि एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. गळू नये म्हणून दरवर्षी जुन्या मातीवर नवी माती टाकत गेलं की छपराचा भार वाढतच जातो. जुनी माती खरवडून काढून मग नवी टाकायची, हा नियम आळसानं सुटला की धाबं धोक्याचं होतं. किल्लारीनंतर आमच्या गावातही लोक झोपताना एकदा वर बघायला लागले.

तेव्हा मातीचं घर सोडणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. माझं भांडण एका शब्दाशी आहे. सरकारी कागदावर मातीची भिंत आणि मातीचं छप्पर म्हणजे 'कच्चं घर'. २०१६ मध्ये ग्रामीण भागासाठी प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली. मैदानी भागात १,२०,००० रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर, असा तिचा हिशेब. ज्यांच्या डोक्यावर काहीच नव्हतं त्यांना तिनं छप्पर दिलं, ते चांगलंच झालं. पण माझ्या आजोबांनी बांधलेलं, सत्तर वर्षं उभं असलेलं घर कागदावर कच्चं, आणि शेजारचं, ज्याच्या स्लॅबच्या सळया बारा वर्षांत उघड्या पडल्या, ते पक्कं! याच जिल्ह्यात फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोसांनी जवळपास मिळणाऱ्या बांबूतून, साध्या साहित्यातून ते नगर सजवलं. त्याचं कौतुक आपण अजून करतो. पण सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न असतो, 'मुलाचं घर स्लॅबचं आहे ना?'

त्या लाजेपायी धाबं उतरवलं जातं. उतरवणाऱ्या प्रत्येकाजवळ स्लॅबचे पैसे नसतात आणि प्रत्येकाचं नाव यादीत नसतं. मग येतो पत्रा. धाब्याची जागा गरिबाच्या घरी स्लॅबनं घेतली नाही, पत्र्यानं घेतली. मिलिमीटरभरही जाड नसलेला पत्रा आणि त्यावर मे महिन्याचं ऊन. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली एक बाळंतीण रोज सकाळी अकराला तान्ह्याला घेऊन आमच्या धाब्याखाली येऊन पडायची आणि ऊन कलल्यावर परत जायची. तिचं घर 'सुधारलेलं' होतं.

अहमदाबादला २०१० च्या मे महिन्यात उष्णतेनं शेकडो माणसं दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेनं उष्णतेसाठी वेगळा कृती आराखडा केला, आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा चुना लावायचं काम हाती घेतलं. चुन्याला फार पैसे पडत नाहीत. आपल्या ग्रामपंचायतींना हे एका ठरावात करता येईल. घरकुलाच्या नकाशातही छपरावर दोन ओळी खान्देशाच्या उन्हासाठी घालता येतील. कोकणातलं आणि आपलं घरकुल एकाच साच्यातून काढायचं काही कारण नाही.

त्या बाळंतिणीच्या सासऱ्यानं ठरावाची वाट पाहिली नाही. पत्र्यावर तुराट्या अंथरल्या आणि वरून माती लिंपली. पत्र्याच्या खालचा अँगल बारीक होता, म्हणून मी विचारलं, एवढा भार पेलवेल का? तो म्हणाला, 'माटी बोटभरज टाकेल शे, भाऊ.' माती गढीचीच होती.