वऱ्हाड सांपडेना

(नभोवाणीवरील भाषण)



दोन वर्षांपूर्वीं आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरविण्याचें ठरलें. निवृत्त शिक्षकास रिकामपण खावयास उठतें. सबब जुन्या विद्यार्थ्यांची यादी करण्याचें काम मीं आपण होऊन अंगावर घेतलें. शाळेच्या जुन्या रजिस्टरांवरून नांवें संगणकावर उतरविण्याचें काम दोघांनीं वांटून घेतलें. अर्धी यादी एका तरुण शिक्षकानें लिहिली, उरलेली माझ्या पुतणीनें. आमचें अजिंठा गांव घाटमाथ्यावर; एका अंगास खानदेश, दुसऱ्या अंगास वऱ्हाड. पत्रें धाडण्याच्या सोयीसाठीं प्रत्येक नांवापुढें मुलखाचा एक रकाना मींच घालावयास लावला होता. यादी पुरी झाल्यावर मीं संगणकास 'वऱ्हाड' हा शब्द शोधावयास सांगितला. अकरा नांवें निघालीं. अकरा पत्रें गेलीं.

मेळाव्यानंतर महिनाभरानें एक गृहस्थ घरीं आले. त्यांस मीं सातवीला गणित शिकविलें होतें. चहा झाला, मुलाबाळांची चौकशी झाली, आणि उठतां उठतां ते म्हणाले, "गुरुजी, आम्हांला विसरलांत म्हणायचें." मीं तत्काळ यादी उघडली. त्यांचें नांव यादींत होतें. नांवापुढें 'वऱ्हाड' हा शब्द माझ्या डोळ्यांना लख्ख दिसत होता. यंत्रास मात्र तो दिसत नव्हता. त्या गृहस्थांस हें सारें समजावून सांगण्याचा मीं यत्न केला. परंतु विसरलेल्या माणसानें यंत्रावर खापर फोडावें, असेंच तें ऐकणाऱ्यास वाटलें असणार.

पुण्यास संगणकाच्या धंद्यांत असलेला माझा एक जुना विद्यार्थी दिवाळींत गांवीं आला, तेव्हां मीं त्याच्यापुढें ही यादी टाकली. त्याचें निदान असें. संगणकाच्या पोटांत अक्षर म्हणून कांहीं नसतें. प्रत्येक अक्षरास एक अंक नेमून दिलेला असतो. 'वऱ्हाड' ह्या शब्दांतील तो अर्धा र मराठीचें मोठें धन आहे; तो नसता तर 'दऱ्या' आणि 'दर्या', 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' हे शब्द एक होऊन बसले असते, आणि स्वयंपाक्याचा मान गुरूस जाता. हा र लिहिण्याच्या यंत्रांत दोन रीती आहेत. भारतीय मानक संस्थेनें १९९१ सालीं जें लिपिप्रमाण ठरविलें, त्यांत खालीं टिंब असलेला र आणि त्यास हलन्त, अशी रीत होती. युनिकोड नांवाच्या जागतिक प्रमाणाच्या दुसऱ्या आवृत्तींत मात्र साधा र, हलन्त, आणि त्यापुढें डोळ्यांस न दिसणारें एक जोडचिन्ह, अशी रीत होती. पुढें युनिकोडनें भारतीय रीतहि स्वीकारली. परंतु जुन्या रीतीनें लिहिलेला मजकूर तोंवर जगांत पसरला होता, म्हणून ती मोडतां आली नाहीं. माझ्या पुतणीनें एक रीत वापरली, शिक्षकानें दुसरी. दोघांचेंहि बरोबर होतें, आणि माझे विद्यार्थी त्या दोन बरोबरांच्या फटींत पडले.

मी त्यास म्हणालों, "अरे, यंत्राच्या मुळाशीं जो कारभारी बसला आहे, त्यालाच एक नवी आज्ञा कां शिकवूं नये? मराठी वाचणाऱ्यास जे शब्द एक, ते तुलाहि एकच, अशा बेतानें शोध, म्हणून?" तो हंसला आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही प्रमाणांत भर घालावयास निघालांत!" त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यांत बसला आहे, आणि आज तोच मी आपणांपुढें मांडीत आहें.

कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. फाइल उघडणें, अक्षरें वाचणें, वेळ सांगणें हीं कामें कोणताहि प्रोग्रॅम स्वतः करीत नाहीं. तो कारभाऱ्याकडे मागणी करतो. ह्या मागणीची जी ठरीव रीत, तिला तंत्रज्ञ 'इंटरफेस' म्हणतात. आतां प्रत्येक कारभाऱ्याची रीत निराळी असली, तर एका यंत्रासाठीं रचलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर निरुपयोगी. हें दुःख आमच्या भागांतल्या वृद्धांस चांगलें ठाऊक होतें. १९४८ पर्यंत अजिंठा निजामाच्या राज्यांत होतें, आणि घाट उतरून जळगांवच्या वाटेस लागलें कीं पुढें इंग्रजी मुलूख. इकडे हाली शिक्का, तिकडे कळदार रुपया. कापूस तोच, माणूस तोच, पण सीमा ओलांडतांच खिशांतलें नाणें बदलून घ्यावें लागे आणि बट्टा सोसावा लागे.

संगणकांच्या जगांत असाच बट्टा १९८० नंतरच्या दशकांत फार बसूं लागला. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाचा कारभारी घडविला होता. त्याच्या शाखा फुटल्या, प्रत्येक कंपनीनें आपापली रीत चालविली. तेव्हां १९८८ सालीं आय-ट्रिपल-ई ह्या अभियंत्यांच्या संस्थेनें सर्वांस समान अशा मागण्यांचें एक प्रमाण प्रसिद्ध केलें. त्याचें नांव पॉझिक्स. तें रिचर्ड स्टॉलमन यांनीं सुचविलें. आज तें सांभाळण्याचें काम 'ऑस्टिन ग्रूप' नांवाचें मंडळ करतें. टेक्सास प्रांतांतील ऑस्टिन शहरीं १९९८ सालीं त्याची पहिली बैठक झाली, म्हणून हें नांव. आय-ट्रिपल-ई, ओपन ग्रूप आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्था असे तिघे त्याच्या पाठीशीं आहेत. त्यांत भाग घेण्यास फी नाहीं आणि कोणासहि मज्जाव नाहीं; अजिंठ्याच्या निवृत्त मास्तरासहि नाहीं.

दार उघडें आहे. उंबरठा मात्र उंच आहे. नवी मागणी प्रमाणांत घालावयाची तर तिचा लेखी मसुदा हवा, आणि तो कोठल्या तरी मंडळांत रीतसर चर्चा होऊन बहुमान्य झालेला हवा. त्या तिघां आश्रयदात्यांपैकीं एकानें तो पुरस्कारिला पाहिजे. मूळ ग्रंथांत कोणती ओळ कोठें घालावयाची, याचा आराखडा प्रस्ताव करणाऱ्यानेंच द्यावयाचा आणि संपादकांस शेवटपर्यंत साह्य करावयाचें. हें सारें मला पटलें. परंतु आणखी एक अट आहे: ती मागणी कोणी तरी प्रत्यक्ष अंमलांत आणलेली असली पाहिजे. ही ऐकून मी चिडलों. प्रमाणांत नाहीं म्हणून कोणी वापरीत नाहीं, आणि वापरांत नाहीं म्हणून प्रमाणांत येत नाहीं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाहीं आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार!

माझ्या विद्यार्थ्यानें वाद न घालतां मला 'गेट्स' नांवाच्या मागणीची कथा सांगितली. ही जुनी मागणी लिहिणाऱ्याकडून एक ओळ घेऊन ती प्रोग्रॅमनें पुढें केलेल्या भांड्यांत ओतते. भांडें केवढें, हें ती विचारीतच नाहीं. ओळ लांब निघाली कीं अक्षरें काठावरून वाहतात आणि शेजारच्या जागेंत शिरतात. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं अमेरिकेंतील एका विद्यार्थ्यानें सोडलेल्या प्रोग्रॅमनें हजारों संगणक आडवे केले. आंत शिरण्याच्या ज्या वाटा त्यानें वापरल्या, त्यांतली एक हीच. दोष साऱ्या जगास कळला. तरीहि सी भाषेच्या प्रमाणांतून ती मागणी २०११ सालीं गेली, आणि पॉझिक्समधून २०२४ च्या आवृत्तींत. छत्तीस वर्षें! कारण तिच्यावर विसंबलेले प्रोग्रॅम जागोजाग उभे होते.

दुसरी गोष्ट शिक्षकास अधिक रुचेल अशी आहे. नवी फाइल निर्माण करण्याची जी मूळ मागणी, तिच्या 'क्रिएट' ह्या इंग्रजी नांवांतलें शेवटचें अक्षरच गळलें आहे. युनिक्स पुन्हां घडवावयाचें झाल्यास काय बदलाल, असें विचारतां खुद्द टॉम्पसन यांनीं, तें अक्षर घालीन, असें उत्तर दिल्याचें प्रसिद्ध आहे. माझ्या वर्गांत अर्धा गुण कापला गेला असता. परंतु ती चूक आजहि प्रमाणांत तशीच आहे, आणि असावयास हवी.

हें मला आमच्या लेण्यांवरून समजावयास हवें होतें. पाहुण्यांस घेऊन मी पुष्कळदां लेण्यांत जातों, आणि बहुतेक जण पहिल्या क्रमांकाचें लेणें सर्वांत जुनें समजून पाहूं लागतात. वस्तुतः नववें व दहावें हीं इसवी सनापूर्वींचीं. पहिलें त्यांच्यामागून कित्येक शतकांनीं, पांचव्या शतकांत कोरलेलें. क्रमांक केवळ सोयीसाठीं, वाघुर नदीच्या वळणाच्या ओळीनें घातलेले आहेत. पुढें त्या ओळींत आणखी एक लहान लेणें ओळखण्यांत आलें, तेव्हां त्यास '१५-अ' म्हटलें. पुढच्या साऱ्या लेण्यांचे क्रमांक बदलले नाहींत. बदलले असते तर मागील ग्रंथ, नकाशे, चित्रांच्या नकला यांतील प्रत्येक उल्लेख लटका पडला असता. जें एकदां लोकांच्या लिहिण्यांत रुजलें तें हलवितां येत नाहीं, म्हणूनच आंत घेण्यापूर्वीं तें वापरून पाहिलेलें असावें, ही त्या मंडळाची अट आहे. माझ्या वऱ्हाडच्या विद्यार्थ्यांवर जो प्रसंग आला, तो तरी दुसऱ्या कशानें? एक रीत ठरली, ती अपुरी वाटली, दुसरी आली, आणि पहिली जाऊं शकली नाहीं.

अशा अटींतून मराठीच्या उपयोगाचें कांहीं पार पडतें काय? पडतें. यंत्रानें माणसाशीं त्याच्या भाषेंत बोलावें यासाठीं प्रमाणांत आधींपासूनच 'कॅटगेट्स' नांवाची एक मागणी होती. तींत प्रत्येक संदेशास क्रमांक असे. सत्तावीस म्हणजे 'फाइल सांपडली नाहीं', असें समजा. मूळ प्रोग्रॅम बदलला आणि क्रमांक घसरले कीं भाषांतरें भलत्याच जागीं जाऊन बसत. त्यापेक्षां सोपी रीत 'गेटटेक्स्ट'ची. तींत मूळ वाक्य हीच किल्ली. त्याचें मराठी वाक्य सांपडलें तर तें दाखवावें, न सांपडल्यास मूळचें. शिवाय 'एक चित्र सांपडलें' आणि 'पांच चित्रें सांपडलीं' हा वचनभेद तिला कळतो. ही रीत १९९० नंतरच्या दशकापासून प्रमाणाबाहेर राहून जगभर वापरली गेली, अनेक भाषांच्या व्याकरणांवर घांसली गेली, आणि २०२४ सालीं पॉझिक्समध्यें आली. तीस वर्षांची उमेदवारी! माझ्या नोकरीहून तीन वर्षें कमी, इतकेंच.

माझ्या प्रस्तावाची स्थिति आतां ऐका. दोन शब्द भाषेच्या क्रमानें ताडून पाहण्याची मागणी पॉझिक्समध्यें आहे. पण लांब मजकुरांत एकादा शब्द भाषेच्या जाणिवेनें शोधून देणारी मागणी त्यांत नाहीं. तसें शोधणारीं साधनें बाहेर आहेत, तथापि तीं वापरणें न वापरणें ज्या त्या प्रोग्रॅमच्या मर्जीवर. म्हणून एका ठिकाणीं वऱ्हाड सांपडतें आणि दुसऱ्या ठिकाणीं हरवतें. तेव्हां प्रमाणाची गरज आहे, हें माझें म्हणणें विद्यार्थ्यानें मान्य केलें. परंतु तो म्हणाला, "गुरुजी, मसुदा मी लिहीन, प्रोग्रॅमहि रचीन. पण मराठी माणूस कोणते शब्द एक मानतो आणि कोणते नाहीं, हें मला कोण सांगणार? 'दऱ्या' शोधतांना 'दर्या' सांपडूं लागला तर?"

तें काम मीं घेतलें आहे. गेले आठ महिने मी अर्ध्या रच्या शब्दांची वही करीत आहें: बिऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा, गोऱ्हा, सुऱ्या, पायऱ्या, शेतकऱ्यास. प्रत्येक शब्द दोन्ही रीतींनीं लिहावयाचा, आणि शेजारच्या रकान्यांत ज्या शब्दाशीं त्याची गल्लत होतां कामा नये तो. दोन निवृत्त स्नेही साह्य करतात. एकाचें म्हणणें असें कीं बोलींतले शब्दहि हवेत, आणि तें बरोबर आहे, पण त्यानें काम दुप्पट होतें. वही दर महिन्यास पुण्यास जाते. तिकडून रचलेला प्रोग्रॅम येतो, आणि आम्ही तो आमच्या यादीवर चालवून पाहतों. तिसऱ्या खेपेस त्यानें वऱ्हाडचीं सतरा नांवें काढलीं. अकरा पूर्वींचीं; सहा नवीं. त्या सहांपैकीं एक गृहस्थ घरीं येऊन गेलेले. पांचांस मीं स्वहस्तें पत्रें लिहिलीं, त्यांतल्या दोघांचीं उत्तरें आलीं आहेत.