उगवणीचा आकडा आणि मुळाची लांबी



आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. कामगार संघटनेचे काम करता करता जे वाचले, ते आपल्यापुढे ठेवीत आहोत. शिसे, जस्त, कॅडमियम ही नावे आम्ही पुस्तकांच्या आधी बॅटरीच्या आणि मुलाम्याच्या कारखान्यांत ऐकली. कामगाराच्या अंगात भिनणारा हाच धातू सांडपाण्यातून शेतात गेला, तर बियाण्याचे काय होते, एवढाच आजचा विषय आहे.

बी आधी पाणी पिते. मग आतला पाचक रस साठवलेल्या पिठाची साखर करतो आणि त्या शिदोरीवर अंकुर वाढतो. टरफल हा बियाचा रखवालदार. शिशासारखा धातू तो बराचसा बाहेर थोपवून धरतो. म्हणून माती बिघडलेली असली तरी पुष्कळदा बी उगवते आणि शेकडा उगवणीचा आकडा चांगला दिसतो. परंतु मुळाचे टोक टरफल फोडून बाहेर आले की त्याला रखवालदार उरत नाही. धातू सरळ त्या टोकाला भिडतो, तेथील पेशींची वाढ खुंटते आणि मूळ आखूड राहते. कॅडमियम तर आत शिरून तो पाचक रसच अडविते.

कोणी म्हणेल, निसर्ग जुळवून घेतो. वेल्समधील शिशाच्या जुन्या खाणीवर गवत उगवते खरे. पण ब्रॅडशॉ या शास्त्रज्ञाने १९५२ साली दाखवून दिले की, कुरणातले त्याच जातीचे गवत त्या मातीत लावले तर मरते. हजारांत एखादे रोप तगते, त्याचीच पुढे प्रजा होते. बाकीच्यांचा हिशेब कोण ठेवतो?

आणि पीक उभे राहिले म्हणजे संकट टळले, असेही नाही. जपानच्या तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्ताची खाण होती. तिच्यातले कॅडमियम नदीवाटे भातखाचरांत उतरले. भात पिकला, लोकांनी खाल्ला. पुढे हाडे ठिसूळ होऊन, विशेषतः प्रौढ स्त्रिया, ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, असे विव्हळू लागल्या. सरकारने १९६८ साली कारण मान्य केले. १९७२ साली वरिष्ठ न्यायालयात गावकरी जिंकले. आठशेहून अधिक हेक्टर जमिनीची माती सुधारण्याचे काम मात्र २०१२ पर्यंत पुरले.

तेव्हा कोणी ‘उगवण उत्तम’ असा दाखला पुढे केला, तर विचारा, मूळ किती वाढले? या परीक्षेसाठी प्रयोगशाळांत वापरतात ते बी आपल्या घरचेच आहे: बाळंतिणीच्या लाडवांतले हळीव. एका बशीत स्वच्छ पाणी, दुसरीत संशयाचे. उगवण आणि मुळाची लांबी यांचा गुणाकार करून दोन्ही बशा ताडून पाहतात. धातू कोणता, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी रासायनिक तपासणीच मागितली पाहिजे.

फाटकावर हजेरी लागली म्हणजे कामगार निरोगी आहे, असे आम्ही कधी मानले नाही. बियाण्याच्याही नुसत्या हजेरीवर आपण समाधान मानू नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.