नाव नसलेली राणी

(ग्रामपंचायत सदस्य आणि वस्तीगटांतल्या कार्यकर्त्या यांच्या एकत्रित शिबिरातल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सकाळच्या सत्रात आपल्यातल्या एका सरपंचबाईंनी सांगितलं, ‘‘खुर्ची माझी, सही माझी, पण शिक्का असतो मालकांच्या खिशात.’’ आपण सगळ्या हसलो. पण पुढे त्यांनी विचारलं, ‘‘पाचातली दोन वर्षं गेली. आता मी करू काय?’’ तेव्हा कुणी हसलं नाही. जेवणाच्या सुट्टीतही तो प्रश्न माझ्या डोक्यात होता. त्याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही. पण एका राणीची गोष्ट आठवली, ती तुम्हाला सांगते.

ही राणी इतिहासातली नाही. जिजाऊ, ताराबाई, अहिल्याबाई यांची नावं आपण घोषणांमध्ये घेतो. या राणीला नावच नाही. ती एका बाईच्या स्वप्नातली राणी आहे. त्या बाईचं नाव बेगम रुकैया सखावत हुसेन. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’ या मासिकात त्यांची ‘सुलतानाज् ड्रीम’, म्हणजे ‘सुलतानाचं स्वप्न’, ही इंग्रजी गोष्ट छापून आली. कमला सत्यनाथन या बाई ते मासिक चालवत.

गोष्ट अशी. हिंदुस्थानातल्या बायकांच्या दशेचा विचार करत एक बाई आरामखुर्चीत बसली आहे. तिला डुलकी लागते. सारा नावाची मैत्रीण तिला बाहेर फिरायला नेते. बघते तर रस्ताभर बायकाच बायका, पुरुष एकही नाही. ही बुरख्याशिवाय बाहेर पडलेली, त्यामुळे बावरून चालते. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिची थट्टा करतात : ही तर अगदी पुरुषासारखी लाजरी! कारण या देशात पुरुष घरात असतात, पडद्याआड. जनानखाना नाही, मर्दानखाना. देशाचं नाव नारीस्थान.

वस्तीतल्या गटात ही गोष्ट सांगितली की इथपर्यंत येताच हशा होतो. एकदा एक मावशी म्हणाल्या, ‘‘कोंडा मेल्यांना!’’ हसून घ्यावं. पण त्या देशात हे घडलं कसं, ते पुढे आहे आणि आपल्या कामाचं आहे.

सारा सांगते, तीस वर्षांपूर्वी आमची राणी गादीवर आली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. राणी नावाचीच. कारभार पंतप्रधान बघायचा. ओळखीचं वाटतं ना? शिक्का दुसऱ्याच्या खिशात! १९९३ पासून आपल्याकडे पंचायतीत एक तृतीयांश आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांना मिळाल्या. खुर्ची मिळाली, कारभार मिळवायचा राहिला. ही राणीही तिथूनच सुरू झाली.

तिनं पहिल्यांदा काय केलं? पंतप्रधानाला हाकललं नाही, सैन्य ताब्यात घेतलं नाही. तिला विज्ञानाची आवड होती. तिनं फर्मान काढलं : देशातल्या सगळ्या बायका शिकल्या पाहिजेत. सरकारी खर्चानं मुलींच्या शाळा निघाल्या. बालविवाह बंद झाले. एकवीस वर्षांच्या आत कुठल्याही मुलीचं लग्न होणार नाही, असं ठरलं.

तारीख लक्षात घ्या, १९०५. त्याच्या चौदाच वर्षं आधी, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला होता. बारा वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हा गुन्हा, एवढंच त्यात होतं. तरी आपल्या पुण्यात केवढं रान उठलं होतं! सारडा कायदा आला १९२९ साली, मुलीचं वय चौदा. अठरा झालं १९७८ मध्ये. आणि २०२१ च्या डिसेंबरात एकवीसचं विधेयक लोकसभेत आलं, ते २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळलं. त्या विधेयकाला अनेक स्त्री-संघटनांचा विरोध होता, तुमच्यापैकीही काहींचा असेल. मुलीला शाळा, वसतिगृह, गावातून जायला एसटी आणि पुढे काम यातलं काही न देता नुसतं वय वाढवलं, तर मनाविरुद्ध लग्न केलेल्या पोरींवर आईबापच केस टाकतील, ही भीती खरी होती. नारीस्थानाच्या राणीचा क्रम बघा. आधी शाळा, मग लग्नाचं वय. तो क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

मग राजधानीत बायकांची दोन विद्यापीठं झाली. आपल्याकडे महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं ते १९१६ साली, म्हणजे या स्वप्नानंतर अकरा वर्षांनी. राणीच्या पहिल्या विद्यापीठानं एक मोठा फुगा तयार केला आणि त्याला नळ्या जोडून ढगांच्या वरून पाणी ओढून घेतलं. ते पाहून दुसऱ्या विद्यापीठाला चुरस वाटली. त्यांनी सूर्याची उष्णता साठवायचं यंत्र काढलं. त्यावर स्वयंपाक होऊ लागला. धूर नाही, कोळसा नाही. साराचं स्वयंपाकघर भाजीच्या मळ्यात आहे.

हा भाग मी मराठवाड्यातल्या एका गटात सांगितला होता. टँकरचे दिवस होते. एक बाई म्हणाली, ‘‘पहिल्यांदा पाणीच काढलं का? बाईच असणार ती.’’ यापेक्षा चांगली समीक्षा मी वाचलेली नाही. जिच्या डोक्यावर हंडा आणि डोळ्यांत धूर, तिच्या हातात विज्ञान आलं तर ते आधी पाण्याकडे आणि चुलीकडे जाईल. याच काळात तिथले पुरुष लष्कराची ताकद वाढवत होते आणि बायकांच्या संशोधनाची टर उडवत होते.

मग कसोटी आली. शेजारच्या देशातून काही माणसं राजकीय गुन्ह्यामुळे पळून आली. तिथल्या राजानं ती परत मागितली. राणी म्हणाली, आश्रयाला आलेल्याला मी बाहेर काढणार नाही. युद्ध झालं. पुरुष शर्थीनं लढले. सोळा वर्षांची मुलंही गेली. तरी हार समोर दिसू लागली. तेव्हा राणीनं शहाण्या बायकांना सल्ल्यासाठी बोलावलं. एका विद्यापीठाच्या प्रमुख बाई म्हणाल्या, आम्ही प्रयत्न करतो, पण त्याआधी सगळ्या पुरुषांनी जनानखान्यात जावं. थकलेले पुरुष मुकाट्यानं आत गेले. दोन हजार विद्यार्थिनी रणांगणावर गेल्या आणि साठवलेलं ऊन शत्रूवर सोडलं. तो होरपळून पळाला. काही दिवसांनी अधिकाऱ्यांचा अर्ज आला, आम्हाला कामावर घ्या. राणीनं कळवलं, गरज पडली तर बोलावू.

राणी स्वतः गोष्टीत एकदाच भेटते. बागेत आपल्या चार वर्षांच्या मुलीबरोबर फिरत असते. तिथं सिंहासन नाही, दरबार नाही. ती पाहुणीला सांगते, आम्हाला दुसऱ्यांची जमीन नको, हिऱ्यासाठी आम्ही लढत नाही. व्यापार करू, पण ज्या देशात बायका कोंडलेल्या आहेत तिथल्या पुरुषांशी नाही.

आता आक्षेप. दर गटात कुणीतरी विचारतं, ताई, आपल्याला हेच हवंय का? त्यांना आत आणि आपण बाहेर? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मला वाटतं, रुकैयाबाईंनी आरसा धरला आहे. पुरुष घरात, मुलं सांभाळतायत, बाहेर यायची मुभा नाही, हे वाचताना आपल्याला विचित्र वाटतं. तेच बायकांच्या बाबतीत असतं तेव्हा रीत वाटते. एवढं समजलं की मर्दानखान्याचं दार उघडून टाकायला हरकत नाही. ते आपलं उद्दिष्ट नव्हेच. आणखी एक खटकतं. ही राणी जन्मानं राणी आहे, फर्मानं वरून निघतात. नारीस्थानात केरवारा करणारी बाई कोण, तिचं काय मत, हे गोष्टीत नाही. ती आपल्याला लिहावी लागेल.

पण हे स्वप्न पाहणारी बाई कुठं बसली होती, तेही बघू. रुकैयाबाईंचा जन्म १८८० चा, रंगपूरजवळच्या पायराबंदचा. घरात कडक पडदा. मुलींनी बांगला-इंग्रजी शिकू नये असा दंडक. मोठ्या भावानं रात्री सगळे निजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात इंग्रजी शिकवलं. बहीण करीमुन्निसा बांगलासाठी पाठीशी राहिली. नवरा भागलपूरला अधिकारी. तो दौऱ्यावर असताना वेळ जावा म्हणून ही गोष्ट लिहिली. त्यानं उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाला, भयंकर सूड आहे हा! १९०९ मध्ये तो वारला. मागे ठेवलेल्या पैशातून रुकैयाबाईंनी भागलपूरला पाच मुलींची शाळा काढली. घरच्या वादामुळे गाव सोडावं लागलं. १९११ साली कलकत्त्यात पुन्हा सुरुवात केली, आठ मुलींवर.

स्वप्नात हवेतून उडणारी गाडी होती. प्रत्यक्षात शाळेची गाडी पडदा पाळण्यासाठी चहूबाजूंनी बंद करावी लागली. आत अंधार आणि उकाडा, मुली घेरी येऊन पडायच्या. पडदे जरा सैल केले तर बेअब्रूची तक्रार करणारी पत्रं यायची. हे त्यांनीच ‘अवरोधवासिनी’त लिहून ठेवलंय. मुली घरी बसू नयेत म्हणून त्यांनी स्वतःही पडदा पाळला. पालकांच्या दारोदार फिरल्या. १९३२ च्या डिसेंबरात वारल्या तोवर शाळा चालवली. नारीस्थानाच्या राणीनं एका फर्मानात जे केलं, त्याला या बाईला वीसहून अधिक वर्षं लागली. तेही एका शहरात, एका शाळेपुरतं.

आता सरपंचबाई, तुमच्याकडे वळते. राणीला शिक्का कुणी परत आणून दिला, असं गोष्टीत कुठंच नाही. तिनं तेवढ्यात बायका तयार केल्या. संकट आलं तेव्हा तिच्याभोवती बोलवायला शहाण्या बायका होत्या आणि मागं दोन हजार मुली होत्या. तुमच्याकडे तीन वर्षं आहेत. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. ती कागदावर न घेता खरी घ्या. त्यात पहिला ठराव पाण्याचा घ्या. आणि पुढच्या वेळी ठरावावर शिक्का मारायची वेळ येईल तेव्हा वीस बाया बरोबर घेऊन कार्यालयात बसा. मालकांना तिथं सगळ्यांसमोर खिशात हात घालावा लागेल.

गोष्टीच्या शेवटी सुलताना हवेतल्या गाडीतून निसटते आणि जागी होते, तर आपल्याच खोलीत, त्याच आरामखुर्चीत. रुकैयाबाई मात्र जाग्या झाल्यावर उठल्या आणि मुली गोळा करायला निघाल्या. आपणही चहा घेऊ आणि महिला सभेची तारीख ठरवायला बसू.