सहा कडांचं घर: वर्ध्यात बसून बुद्धिबळाचा नवा पट आखताना

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवले आहेत.)

इअरफोन लावले असतील तर आज हाताशी एक कागद आणि पेन्सिलही ठेवा. नसेल तर हरकत नाही, डोळ्यांसमोर चित्र उभं राहील असं सांगायचा प्रयत्न करतो.

आजचा विषय आहे षटकोनी बुद्धिबळ. म्हणजे पट चौकोनी घरांचा नाही, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. प्रत्येक घराला सहा कडा. गेले काही महिने मी वर्ध्यात असा एक खेळ तयार करतोय आणि त्यात मला एक गोष्ट नीट कळली. बुद्धिबळाचा प्रत्येक नियम म्हणजे कुठल्यातरी अडचणीवर कुणीतरी शोधलेलं उत्तर आहे. पट बदलला की जुनी उत्तरं चालत नाहीत आणि अडचण उघडी पडते.

आधी हे खूळ कुठून आलं ते सांगतो. जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्यासोबत ग्रँडमास्टरही झाली. नागपूर आपल्यापासून पाऊण-शंभर किलोमीटर. घराघरात पट निघाले. माझी भाचीही एका क्लासला जायला लागली. दोन महिन्यांनी बंद केलं. विचारलं तर म्हणाली, "मामा, त्याईले पहिल्या बारा चाली पाठ हायेत. मी विचार करतो तवर माझा घोडा गेलेला राह्यते. मंग मी खेळू कायले?"

तिला खेळ येत नव्हता असं नाही. डोकं चालायला लागायच्या आधीच डाव संपायचा. ज्याच्याकडे चांगला कोच, चांगला लॅपटॉप आणि पाठांतराला वेळ, तो तिच्या पुढे. हा प्रश्न जगातल्या मोठ्या खेळाडूंनाही पडलाय. बॉबी फिशरने १९९६ मध्ये मागच्या रांगेतल्या सोंगट्यांची जागा चिठ्ठी काढून ठरवायची पद्धत मांडली. सुरुवातीच्या ९६० मांडण्या, त्यामुळे पाठांतराचा फायदा जवळजवळ संपतो. मी म्हटलं, आपण पटच बदलून पाहू.

हे करणारा मी पहिला नाही, हे आधीच सांगतो. पोलंडमध्ये जन्मलेल्या व्लादिस्लाव ग्लिन्स्की यांनी १९३६ मध्ये षटकोनी बुद्धिबळ शोधलं आणि १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये लोकांसमोर आणलं. त्यांच्या पटावर ९१ घरं, प्रत्येकाकडे १८ सोंगट्या. सोव्हिएत भूगर्भशास्त्रज्ञ इसाक शाफ्रान यांनी १९३९ मध्ये ७० घरांचा वेगळा पट काढला. गंमत बघा, ग्लिन्स्की तिकडे षटकोन जोडत होते त्याच १९३६ साली गांधीजी आपल्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. पुढच्या वर्षी वर्ध्यातल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची कल्पना पुढे आली. हाताने काहीतरी करता करता शिका, हा तिचा गाभा. म्हणून मीही ठरवलं की ॲप डाऊनलोड करायचं नाही. पट हाताने आखायचा आणि नियम स्वतः तपासायचे.

आता अडचणींकडे येऊ.

पहिली अडचण उंटाची. नेहमीच्या पटावर एका घराला आठ शेजारी असतात. चार कडेला लागून, चार कोपऱ्याला लागून. हत्ती कडेतून जातो, उंट कोपऱ्यातून. षटकोनात कोपऱ्याला लागून वेगळा शेजारी उरतच नाही! एका कोपऱ्यावर तीन घरं भेटतात आणि तिन्ही एकमेकांना कडेनेच लागून असतात. मग उंटाने जायचं कुठून? ग्लिन्स्कींचं उत्तर असं: कोपऱ्यातून सरळ बाहेर निघायचं, समोरच्या दोन घरांमधल्या फटीतून पलीकडच्या घरात जायचं. हे घर आपल्या घराला टेकलेलंही नसतं.

इथे रंगांची मजा येते. शेजारच्या दोन घरांना एकच रंग नको असेल तर षटकोनी पटाला तीन रंग लागतात. फटीतून जाणारा उंट मात्र नेहमी आपल्याच रंगावर पडतो. म्हणजे सगळा पट सांभाळायचा तर उंट तीन हवेत. घोड्याचं उलट आहे. कडेने सरळ दोन घरं, मग किंचित वळून एक. मोकळ्या पटाच्या मध्यावरून त्याला बारा उड्या मिळतात आणि प्रत्येक उडीत रंग बदलतोच.

दुसरी अडचण पटाच्या आकाराची. ९१ घरांचा पट शाळकरी पोरांना फार मोठा वाटतो, डाव लांबतो. मी ६१ घरांचा घेतला. उभ्या रांगा नऊ, त्यात घरं ५, ६, ७, ८, ९, ८, ७, ६, ५. या पटावर हत्तीचं एक गणित मिळालं. नेहमीच्या रिकाम्या पटावर हत्ती कुठेही ठेवा, त्याला चौदाच घरं मिळतात. इथे मध्यावर ठेवला तर २४ मिळतात, आणि मध्यापासून प्रत्येक पाऊल दूर गेलं की बरोबर दोन कमी होतात. अगदी काठावर १६. म्हणजे कोपऱ्यात निवांत बसणारा हत्ती इथे नुकसानीत. त्यालाही मध्याकडे यावंसं वाटतं.

तिसरी अडचण राजाची, आणि हिच्यावर मी सगळ्यात जास्त अडलो. ग्लिन्स्कींच्या खेळात राजा कडेच्या सहा घरांत जातो आणि फटीतल्या सहा घरांतही, एकूण बारा. ऐकायला ठीक वाटतं. पण आपल्या खेळात हत्ती एका रांगेवर उभा राहिला की भिंत तयार होते, राजा ती ओलांडू शकत नाही. षटकोनी पटावर फटीतून जाणारा राजा ही भिंत सरळ ओलांडून जातो! रांगेच्या अलीकडच्या घरातून दोन घरांच्या मधून पलीकडे. छोट्या पटावर असा राजा पकडायचा म्हणजे पाण्यातला साबण पकडण्यासारखं. म्हणून मी राजाला फक्त कडेची सहा घरं दिली. भिंत पुन्हा भिंत झाली. बघा, "राजा एक घर चालतो" हे वाक्य आपण लहानपणी पाठ करतो. "एक घर" म्हणजे नेमकं किती दूर, हे इथे आपल्याला ठरवावं लागलं.

चौथी अडचण कॅसलिंगची. आमच्या पटावर उभ्या रांगा आहेत, पण सरळ आडवी रांगच नाही. बाजूच्या रांगेतलं घर अर्धं वर सरकलेलं असतं. मग राजा आणि हत्ती एका ओळीत येऊन जागा बदलणार कसे? ग्लिन्स्कींनी कॅसलिंग काढूनच टाकलं. मला मात्र राजासाठी काहीतरी पळवाट हवी होती, कारण छोट्या पटावर हल्ला लवकर येतो.

उत्तर हिंगणघाटच्या एका काकांकडे मिळालं. जुन्या, देशी पद्धतीने खेळणारे आहेत. पट बघून म्हणाले, "याच्यात काहून अडला बाबू? आमच्या खेळात राजा एकडाव घोड्यासारखा उडत होता." देशी बुद्धिबळात कॅसलिंग नव्हतं. त्याऐवजी राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्याची उडी मिळायची, तोवर शह बसलेला नसेल तर. गावागावात थोडाफार फरक असायचा. प्यादंही पहिल्या चालीत एकच घर जायचं, दोन नाही. आणि मला पटलं! घोड्याच्या उडीला आडवी रांग लागतच नाही. युरोपातल्या षटकोनी पटावर अडलेलं गाडं आपल्या ओसरीवरच्या नियमाने पुढे गेलं. दोन्ही नियम घेतले, उडीही आणि एकाच घराचं प्यादंही.

आता मांडणी. इथे कागद घ्या. आपल्या बाजूची टोकं खाली. मधल्या रांगेत खालून तीन उंट एकावर एक, त्यांच्या पुढे एक प्यादं. तीन लागोपाठ घरं म्हणजे तीन वेगळे रंग, तीन उंटांची सोय झाली. डावीकडच्या शेजारच्या रांगेत खाली वजीर, वर घोडा, मग प्यादं. उजवीकडे खाली राजा, वर घोडा, मग प्यादं. त्यापुढच्या दोन्ही बाजूंच्या रांगांत खाली हत्ती, वर प्यादं. त्याच्याही पुढच्या रांगांत एकेकटं प्यादं. अगदी कडेच्या दोन रांगा रिकाम्या. समोरच्यानेही आपल्यासमोर आरशात दिसावं तसंच मांडायचं. मोजा बरं: तीन उंट, दोन घोडे, दोन हत्ती, राजा, वजीर आणि सात प्यादी. सोळा! म्हणजे बाजारातला नेहमीचा संच पुरतो. आठव्या प्याद्याला दोरा बांधला की झाला तिसरा उंट. नवीन काही विकत घ्यायचं नाही, ही माझी अट होती.

प्यादं सरळ पुढे एक घर चालतं आणि पुढच्या डाव्या-उजव्या कडेच्या घरातलं मारतं. सगळ्यात पुढचा उंट पहिल्याच चालीपासून फटीतून समोरच्या दोन्ही टोकांच्या प्याद्यांवर नजर ठेवून असतो. घाई करून मारू नका, त्यांच्यामागे हत्ती आहे. राजाची उडी वापरायची तर उजव्या टोकाचं प्यादं आधी दोन चालींत दोन घरं पुढे सरकवा. राजा बरोबर त्याच्या मागच्या घरात जाऊन बसतो.

भाची खेळली का? खेळली. तिच्या क्लासमधला एक मुलगा आमच्याकडे आला होता, त्याच्यासोबतच. पाचव्या चालीला तो थांबला. बराच वेळ पटाकडे बघत राहिला. पाठ केलेलं काही उपयोगाचं नव्हतं. दोघंही बोटाने रांगा मोजत होती, "इथून इथे येतं का? नाही, रंग बदलला." डाव तोच जिंकला. पण चाळीस चालींनी, आणि मधल्या एका टप्प्यावर तिचा वजीर मध्यावर होता. मोकळ्या पटावर तिथून ६० पैकी ३६ घरं वजिराच्या ताब्यात येतात. हरल्यावर ती म्हणाली, "अजून एक लाव." क्लास सोडताना हे वाक्य तिच्या तोंडी नव्हतं.

यावर एका मित्राने मला सुनावलं की, "हे सगळं तात्पुरतं आहे. उद्या कोणीतरी तुझ्याही खेळाच्या बारा चाली पाठ करेल." बरोबर आहे. जो पन्नास डाव खेळेल तो पुढे जाईलच. पण ते पन्नास डाव त्याने स्वतः खेळलेले असतील, दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेले नसतील. मला एवढा फरक पुरेसा वाटतो. आणि नेहमीचं बुद्धिबळ सोडा असं मी म्हणतच नाही. भाची आता दोन्ही खेळते. नेहमीच्या पटावर आता विचारते, "मामा, कॅसलिंग आलं कुठून?" पाठ करणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडत नाही.

एक प्रश्न मी मुद्दाम उघडा ठेवलाय. राजाला शह नाही, पण नियमात बसणारी एकही चाल उरली नाही, तर काय? नेहमीच्या खेळात बरोबरी. ग्लिन्स्कींनी कोंडी करणाऱ्याला पाऊण गुण आणि कोंडीत सापडलेल्याला पाव गुण दिला. आमच्या छोट्या पटावर कोणतं बरोबर, ते खेळूनच कळेल.

तर मंडळी, कर्कटक घ्या, वर्तुळ काढा, त्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा करा, पहिला षटकोन तयार. त्याभोवती एकेक वेढा वाढवत जा: सहा, बारा, अठरा, चोवीस. मधलं एक धरून ६१. आर्वी, पुलगाव, देवळी, समुद्रपूर, कुठेही असा, दहा डाव खेळा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. कोणता नियम मोडला, कुठे भांडण झालं, तेच मला ऐकायचंय. पुढच्या भागात तुमच्या भांडणांवर बोलू. भेटू या!